सुमित्रामावशीचा कोड

ही गोष्ट मी कोणाकडून ऐकलेली नाही. मी तिथे होते.

तारीख २१ जून २०२५, शनिवार. वेळ सकाळी नऊ वाजून सात मिनिटं. ठिकाण अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यातलं चँडलर, माझ्या मावसभावाचं घर. रात्र नव्हती. बाहेर लख्ख ऊन होतं, इतकं की काचेकडे बघवत नव्हतं. घरातले सगळे जागे होते. टेबलावर पोहे होते.

आणि दाराबाहेर कोणीतरी कुलपाचे आकडे दाबत होतं...

टीक. टीक. टीक. टीक.

मग एक जाड, नकाराचा आवाज. चुकीचा कोड.

मी म्हटलं, "कोणी आलंय का रे?"

प्रथमेश खुर्ची मागे सारून उठला. माझा मावसभाऊ, सदतीस वर्षांचा, चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. त्याची बायको रुचा हातातल्या चहाकडे बघत राहिली. सहा वर्षांची अनया पोह्यांतले दाणे वेचत होती.

प्रथमेशने दार उघडलं. पूर्ण. आणि एखाद्याला आत येऊ द्यायला आपण अंग चोरतो, तसा तो भिंतीला टेकून उभा राहिला.

"ये ना, आई," तो म्हणाला.

बाहेर कोणी नव्हतं.

दार सताड उघडं होतं. कुलपाची आकड्यांची पट्टी दाराच्या बाहेरच्या अंगाला होती आणि मला बसल्या जागेवरून दिसत होती. तिच्यासमोर फक्त ऊन होतं...

टीक. टीक. टीक. टीक.

पट्टी चार वेळा उजळली आणि विझली. पुन्हा तोच नकार.

अनयाने मान वर न करता मला सांगितलं, "आजी इज स्टिल डुइंग द बटन्स."

* * *

आता आधीचं सांगते. त्याशिवाय हे कळणार नाही.

सुमित्रामावशी माझ्या आईची धाकटी बहीण. अकोल्याची. काका गेल्यानंतर ती एकटीच राहायची. प्रथमेश बारा वर्षं अमेरिकेत. त्याने चँडलरच्या कडेला, नव्याने पाडलेल्या प्लॉटवर घर बांधायला घेतलं, ते आईला आणायचं म्हणूनच. तळमजल्यावर तिची खोली, खोलीला लागून बाथरूम, देवघराला पूर्वेची भिंत. नकाशा बिल्डरने तीनदा बदलून दिला.

बांधकाम चालू असताना तो दर रविवारी तिला व्हिडिओवर घर दाखवायचा. लाकडी सांगाडा उभा राहिला तेव्हा मावशी म्हणाली होती, "अरे, हे काय घर म्हणायचं? रुखवतात मांडतात तसलं आहे. बुक्की मारली तर हात शेजारच्या खोलीत जाईल."

"आई, इथे सगळी घरं अशीच असतात. वरून बोर्ड लावतात."

"लाव बाबा. निदान कुलूप तरी लोखंडाचं लाव."

कुलपाचं त्याने जरा जास्तच मनावर घेतलं. त्या वर्षी तिकडच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर रोज एकच विषय होता, आपल्या लोकांच्या घरात सोनं असतं म्हणून चोर आपलीच घरं हेरतात. खरं किती, खोटं किती, कोणाला माहीत. पण प्रथमेशने चार कॅमेरे बसवले. खिडक्यांना सेन्सर. बेलमध्ये कॅमेरा. आणि दाराला आकड्यांचं कुलूप, जे दार मिटल्यावर तीस सेकंदांत आपोआप लागायचं. लागोपाठ पाच वेळा कोड चुकला की पाच मिनिटं काहीच स्वीकारायचं नाही.

प्रत्येकाला वेगळा कोड. म्हणजे कोण कधी आलं ते फोनवर दिसतं.

मे २०२४च्या अखेरीस मावशी तिथे पोचली. पहिल्याच दिवशी त्याने तिला सांगितलं, "आई, तुझा कोड सोपा ठेवलाय. पासपोर्टवरचा वाढदिवस. एक जून. चार आकडे."

मावशीचा खरा जन्म दिवाळीतला. शाळेत नाव घालताना मास्तरांनी सगळ्या वर्गाला एक जून लावला, तोच कागदोपत्री राहिला. ती हसून म्हणाली होती, "बरं झालं. अमेरिकेत जूनची, अकोल्यात दिवाळीची. दोनदा साडी घे."

फोनवर मलाही तिने हे सांगितलं होतं. "कोड पाठ आहे बरं का माझा. म्हातारी झाले म्हणून हसू नका."

पण तो कोड टाकायची वेळ तिच्यावर आलीच नाही. रोज सकाळी ती दाराबाहेर रांगोळी काढायची, तुळशीला पाणी घालायची. आत कोणीतरी असायचंच. ती बेल वाजवायची, कोणीतरी उघडायचं.

पाच आठवडे असंच चाललं.

* * *

४ जुलै २०२४, गुरुवार. अमेरिकेत सुट्टी.

रुचा अनयाला घेऊन शिकागोजवळ शॉमबर्गला बहिणीकडे निघाली होती. नऊच्या सुमाराला त्यांचं विमान आकाशात होतं. प्रथमेशची ड्यूटी होती. त्याच्या कंपनीतलं काम थांबत नाही, आणि चिप बनतात त्या धूळमुक्त क्लीनरूममध्ये फोन नेता येत नाही. फोन बाहेर लॉकरमध्ये.

मावशी रांगोळी काढायला बाहेर आली. दार मागे मिटलं.

तिचा फोन आत होता. चपला आत होत्या. पाणी आत होतं.

त्या रस्त्यावर राहायला आलेलं ते पहिलंच घर. बाकी सगळे सांगाडे. एरवी तिथे दिवसभर कामगार असायचे. त्या दिवशी सुट्टी होती.

पोलिसांचा अहवाल मी नंतर वाचला. त्यात सगळं वेळेनिशी आहे. पहिला चुकीचा कोड ९.०७. शेवटचा ११.५२. एकूण तेवीस. बेल नऊ वेळा. शेवटची बेल ११.५८. त्यानंतर कॅमेऱ्यात कोणी नाही.

त्या दिवशी पारा पंचेचाळीसच्या पुढे होता.

प्रथमेश रात्री आठला घरी आला. घरात आई नाही. टॉर्च घेऊन तो रस्त्यावर फिरला. तिसऱ्या प्लॉटवरच्या सांगाड्यात, जिथे स्वयंपाकघर होणार होतं तिथे, मावशी बसलेली सापडली. सावली बघून बसली होती. पदर डोक्यावरून घेतलेला. तळपाय भाजलेले.

ती गेली होती.

रुचाच्या फोनवर शिकागोला विमान उतरल्यावर सगळ्या सूचना आल्या होत्या. "दारापाशी कोणीतरी आहे." तिने त्या एका झटक्यात पुसल्या. "रोज येतात हो," ती मला म्हणाली. "आई रांगोळी काढतात, म्हणून. रोजच येतात."

सगळे म्हणाले, वय झालं होतं. गडबडल्या. कोड विसरल्या.

प्रथमेशही तेच सांगायचा. "आईला हल्ली विसरायला व्हायचं, ताई." वर्षभर फोनवर हेच एक वाक्य. मला ते पटायचं नाही. पाढे, फोन नंबर, अख्ख्या गोतावळ्याच्या तिथी मावशीला तोंडपाठ. पण मी वाद घातला नाही. तो त्या वाक्याला धरून उभा होता.

* * *

आवाज सुरू झाला तेराव्यानंतर.

रोज ९.०७. चार आकडे, नकार. असं पाचदा. मग पाच मिनिटं शांतता, आणि पुन्हा. दुपारी बाराच्या आत थांबायचं. फोनवर नोंद यायची, चुकीचा कोड. कॅमेऱ्यात मोकळा ओटा.

त्यांनी कुलूप दोनदा बदललं. दुसऱ्यांदा तर वेगळ्या कंपनीचं. रुचा म्हणाली, "टेक्निशियन इथे उभा होता, चारूताई. बॅटरी त्याच्या हातात होती. तरी..."



प्रथमेशने दुसरी शिफ्ट मागून घेतली, सकाळी घरी राहता यावं म्हणून. रोज तो दार उघडायचा. रोज "ये" म्हणायचा. आणि उघड्या दारात ते आकडे वाजत राहायचे. जणू दार उघडलंय हे बाहेरच्या माणसाला दिसतच नव्हतं.

त्याचं वजन अकरा किलोंनी उतरलं होतं.

मी वर्षश्राद्धासाठी गेले होते. तिथीने ते मंगळवारी, २४ जूनला येत होतं. रविवारी संध्याकाळी भांडी लावताना रुचाने मला सरळ सांगितलं.

"श्राद्ध झालं की मी अनयाला घेऊन शॉमबर्गला जाणार. कायमची. मी त्याला किती वेळा म्हटलं, घर विकून टाकू. तो म्हणतो, आई दारात उभी आहे आणि मी घर विकू?"

"तू एकटी जाणार?"

"मी थकले हो. माझी मुलगी रोज सकाळी आजीला उन्हात उभी बघते. बघते म्हणजे... ऐकते. आणि आता तिला त्याचं काही वाटत नाही. मला त्याचीच भीती वाटते."

आत प्रथमेश सोफ्यावर बसला होता. त्याने ऐकलं असणार.

* * *

सोमवार, २३ जून. सकाळी सव्वाआठ.

प्रथमेश श्राद्धाचं सामान आणायला गेला होता. रुचा अनयाला समर कॅम्पला सोडायला. मी तुळशीला पाणी घालायला बाहेर आले.

मागे दार मिटलं. कुलूप फिरल्याचा आवाज आला.

घाबरायचं कारण नव्हतं. फोन माझ्या हातात होता. समोरच्या घरांत आता माणसं राहत होती. आणि मावशीचा कोड मला माहीत होता. नव्या कुलपातही प्रथमेशने तो तसाच ठेवला होता.

मी टाकला. शून्य, एक, शून्य, सहा.

नकार.

बोट चुकलं असेल, म्हणून सावकाश पुन्हा टाकला. एक जून. शून्य एक, शून्य सहा.

नकार.

फरशी पायाला चटका देत होती. मी प्रथमेशला फोन लावला.

"अरे, बाहेर अडकले. मावशीचा कोड चालत नाहीये."

"चालायला पाहिजे, ताई. थांब, शांतपणे टाक. झिरो सिक्स, झिरो वन."

मी ते आकडे दाबले.

"हॅलो? झिरो सिक्स, झिरो वन. एक जून. उघडलं?"

दार उघडलं होतं.

"हो," मी म्हटलं.

"मग ठीक. जरा वॉशर-ड्रायरच्या वरच्या शेल्फवर बघशील का, दर्भ आहे की आणायचा?"

त्याच्या लक्षात आलं नव्हतं. बारा वर्षं तो तारीख तशीच लिहीत होता. महिना आधी, दिवस नंतर. कचेरीत, बँकेत, मुलीच्या शाळेत. हाताला तेच वळण पडलं होतं. कुलपात आकडे भरताना त्याने एक जून तसाच भरला. आणि मावशीला तोंडाने सांगितलं, एक जून.

मावशी विसरली नव्हती.

मावशीने बरोबर कोड टाकला होता. तेवीस वेळा.

मी आत येऊन स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसले.

नऊ वाजून सात मिनिटांनी...

टीक. टीक. टीक. टीक.

त्या दिवशी मी एकटी घरात होते. पहिल्यांदा मला त्या चार आवाजांतला धीर ऐकू आला. अजिबात घाई नव्हती. कोड पाठ असलेला माणूस दाबतो, तसे ते आकडे दाबले जात होते.

* * *

बाहेरची कामं उरकून रुचा परत आली तेव्हा त्या दिवसाचा आवाज थांबला होता आणि प्रथमेश अजून आला नव्हता; मी तिला सांगितलं. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं.

ती दार लावून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. गाडीची किल्ली हातातच.

"त्याला सांगायचं नाही," ती म्हणाली.

"रुचा..."

"तुम्ही परत जाल, ताई. मी त्याला ओळखते. आई विसरल्या, एवढ्यावरच तो उभा आहे. हे कळलं तर तो संपेल."

मग तिने फोन काढला. कुलपाचं अ‍ॅप उघडलं. घरातल्यांची यादी होती. प्रथमेश. रुचा. आणि खाली तिसरं नाव, आई. ते नाव कोणी काढलं नव्हतं.

तिने त्या नावापुढचे चार आकडे पुसले. नवे भरले. शून्य, एक, शून्य, सहा.

तिने सेव्ह दाबलं. "आपण काय करतोय, चारूताई?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

खरंच माहीत नव्हतं.

* * *

मंगळवार, २४ जून. श्राद्धाचा दिवस.

गुरुजी अकराला येणार होते. प्रथमेश अंघोळ करून सोवळ्यात होता. रुचा खिरीपाशी. अनया सोफ्यावर चित्रांचं पुस्तक घेऊन. मी घड्याळाकडे बघत नाही असं दाखवत होते.

९.०७.

टीक. टीक. टीक. टीक.

प्रथमेश नेहमीसारखा दाराकडे निघाला...

नकार आला नाही.

कुलपातली मोटर फिरली.

प्रथमेश होता तिथेच थांबला. त्याचा हात अर्धा पुढे आलेला होता.

दाराची मूठ खाली गेली. दार हळूहळू आत उघडलं. बाहेरची झळ घरात आली, भट्टीचं तोंड उघडावं तशी, आणि माझ्या चेहऱ्याला लागली.

दारात कोणी नव्हतं.

मग दार मिटलं. वाऱ्याने आपटतं तसं नाही. मूठ धरून, आवाज होऊ न देता, कोणी आतून लावावं तसं.

खिरीला उकळी आली होती, रुचाने गॅस बंद केला नाही.

अनयाने पुस्तक बाजूला ठेवलं. तिची नजर दारापासून निघाली... आणि सावकाश सोफ्यापर्यंत आली. ती सरकली. शेजारी जागा केली.

मग उठून स्वयंपाकघरात गेली, पिंपातून ग्लास भरला, दोन्ही हातांनी धरून आणला आणि सोफ्याच्या रिकाम्या जागेपुढे धरला.

ती मुलगी आमच्याशी कधी मराठीत बोलत नाही. मावशी मराठीत विचारायची, ती इंग्रजीत उत्तर द्यायची.

"आजी," ती म्हणाली, "पाणी पी."

प्रथमेश खाली बसला. गुडघ्यांवर, सोफ्यापुढे. त्याने डोकं त्या रिकाम्या गादीवर ठेवलं आणि तो रडला. मावशी गेली तेव्हाही तो असा रडला नव्हता.

ग्लास तिथेच राहिला. श्राद्ध झालं, गुरुजी गेले. दुपारी मी पाहिलं तेव्हा तो रिकामा होता. कोणी प्यायलं, मी विचारलं नाही.

* * *

बुधवारी ९.०७ला आवाज आला नाही. गुरुवारीही नाही. शुक्रवारीही नाही.

शनिवारी प्रथमेश मला विमानतळावर सोडायला निघाला. मग सिग्नलला गाडी उभी असताना, समोर बघत म्हणाला,

"कोड तू बदललास की रुचाने?"

मी पर्स मांडीवर ओढून घेतली.

"मी इंजिनिअर आहे, ताई. अ‍ॅपमध्ये दिसतं. सोमवारी, दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटं."

सिग्नल सुटला. मागच्या गाडीने हॉर्न दिला. तो हलला नाही.

"म्हणजे आई विसरली नव्हती."

"नाही."

"मी वर्षभर सगळ्यांना सांगत फिरलो, आईला विसरायला व्हायचं. तिच्या भावालाही तेच सांगितलं. दिवसांच्या वेळी भटजींनाही."

"प्रथमेश, गाडी बाजूला घे."

त्याने गाडी बाजूला घेतली. स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत.

"किती वेळा टाकला असेल तिने? मी तो रिपोर्ट वाचलेला नाही. मला वाचवत नाही. तू वाचलायस. किती वेळा?"

मी वर्तमानपत्रात संपादक आहे; बातमीत एक आकडा चुकला म्हणून मी माणसांना घरी पाठवलेलं आहे.

"दोन-तीनदा," मी म्हटलं. "मग लगेच सावलीत जाऊन बसली."

त्याने मान हलवली. विश्वास ठेवला की नाही, मला कळलं नाही.

* * *

मी हे सगळं माझ्या ओळखीच्या एका गुरुजींना विचारलं. नावं न सांगता. ते म्हणाले, वर्षश्राद्ध गेलेल्याला पुढे वाटेला लावण्यासाठी असतं. त्या दिवशी त्याला घरात घेतलं, असं त्यांनी कधी ऐकलेलं नाही. मग त्यांनी विचारलं, "घेतलं ते गेलेलं माणूसच होतं ना?"

दार उघडलेलं मी पाहिलं. आत कोण आलं, ते मी पाहिलेलं नाही.

रुचा शॉमबर्गला गेली नाही. घर विकलं नाही.

गेल्या ऑक्टोबरमध्ये मी तिला फोन केला. दिवाळीत भारतात या म्हटलं, सगळे मिळून या, जागा बदलेल, बरं वाटेल.

ती म्हणाली, "नाही जमणार हो. आम्ही तिघं एकत्र कुठेच जात नाही आता. आलटूनपालटून बाहेर पडतो."

"का?"

मागे टीव्हीचा आवाज येत होता. मराठी मालिका लागली होती. रुचा मराठी मालिका बघत नाही. प्रथमेश त्या वेळी कामावर असतो.

"आईंना एकटं ठेवायचं नाही ना, ताई," ती म्हणाली.

मग आवाज खाली आणून, फोनच्या अगदी जवळ येऊन तिने विचारलं,

"त्या अजून काही बोलत नाहीत. बोलतील ना?"